बिनवासाचं पान

मकरंदचे डोळे पिवळे झालेत हे माझ्याआधी दादांना दिसलं, आणि याचा मला अजून राग येतो. नवरा माझा, एम.एस्सी. झालेली मी, आणि शेडच्या मिणमिणत्या दिव्यात, कोपरापर्यंत हात मेंढीच्या आत घातलेल्या माणसाचे डोळे ओळखले ते माझ्या बापानं.

एप्रिल २०२१ची गोष्ट. डब्लिनमधला ओंगारचा फ्लॅट सोडून आम्ही आदल्या ऑक्टोबरात नास गावाच्या पुढं, मिक ब्रेनन नावाच्या शेतकऱ्याच्या आवारातल्या जुन्या घरात राहायला आलो होतो. मी औषधाच्या कारखान्यात, गोळ्या तपासायच्या लॅबमध्ये. मकरंद माझ्या मागून इथं आलेला. पुण्यात बियाण्यांच्या कंपनीत टाय लावून हिंडायचा, इथं मिकच्या दोनशे मेंढ्यांवर कामाला लागला आणि वर खूश होता. दादा म्हणजे माझे वडील, पद्माकर. अख्खं गाव त्यांना दादाच म्हणतं. आमची अनुया व्हायची होती तेव्हा तीन महिन्यांसाठी म्हणून अकोले तालुक्यातून आले, आणि विमानं बंद पडल्यावर वर्षभर अडकले. आई आधीच गेलेली, त्यामुळं गावी वाट बघणारंही कुणी नव्हतं.

मेंढ्या व्यायला लागल्या होत्या. दिवसाला दहा-बारा. बाहेर बारीक पाऊस, आत ओल्या लोकरीचा आणि रक्ताचा वास. एका मेंढीचं कोकरू आडवं आलं होतं. मकरंद गुडघ्यावर, हात आत. दादा मेंढीचं डोकं मांडीत धरून बसलेले. मिक हातात दोरी घेऊन उभा. मी अनुयाला कडेवर घेऊन चहाचा थर्मास द्यायला गेले होते.

"पाय सापडला का?" दादांनी विचारलं.

"एकच सापडतोय."

"मग मागं ढकला आदी. जागा करा. आन् मग वढा."

मकरंदनं ढकललं, चाचपलं, ओढलं. कोकरू भस्सकन बाहेर पडलं, चिकट, निपचित. दादांनी गवताची काडी त्याच्या नाकपुडीत घातली. ते शिंकलं. मिक म्हणाला, "ग्रँड." दादांना इंग्रजी येत नाही, मिकला मराठी येत नाही, पण सहा महिन्यांत दोघांचं 'झकास'च्या अर्थाच्या एवढ्या एका शब्दावर छान चालायचं. मग दादा मकरंदकडे बघत राहिले.

"जावईबापू, जरा हिकडं बघा. उजेडाकडं."

मकरंदनं बघितलं.

"कावीळ हाय," दादा म्हणाले.

सकाळी डॉक्टरला फोन केला, दुपारी रक्त दिलं, शनिवार-रविवार गेल्यावर निकाल. कावीळच होती. लिव्हरला सूज असेल किंवा पित्ताच्या नळीत काही अडकलं असेल, गुरुवारी स्कॅन करू, ताप आला किंवा दुखलं तर सरळ हॉस्पिटल गाठा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सोमवार होता तो. मकरंदला हॉस्पिटल म्हटलं की घाम फुटायचा. कोरोनाचे दिवस, आत गेलेला माणूस कधी बाहेर येईल याचा नेम नव्हता. आणि मिकला मेंढ्या व्यायच्या दिवसांत सोडून झोपून राहायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

त्या संध्याकाळी मी भाकरी थापत होते. दादा येऊन ओट्याशी उभे राहिले.

"तीन सकाळा औषद देतो. गुरुवारपर्यंत डोळं पांढरंधोप."

आमच्या घराण्यात काविळीचं औषध आहे. आजोबांकडून दादांना आलं, दादांकडून माझ्या भावाला, विनयला. सूर्य उगवायच्या आत जायचं, जाताना-येताना तोंडातून शब्द काढायचा नाही, पान खुडताना कुणाची नजर पडू द्यायची नाही. पैसा घ्यायचा नाही. रोग्यानं उपकार मानायचे नाहीत. आणि पानाचं नाव मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, कारण नाव फुटलं की गुण गेला. मुलगी परक्या घरी जाते, म्हणून मला सांगितलं नाही. विनय पुण्यात इन्शुरन्स विकतो, त्याला ते पान कोथिंबिरीत ठेवलं तर ओळखता यायचं नाही, पण सांगितलं त्याला. मी झाडांतली द्रव्यं वेगळी कशी काढायची यावर प्रबंध लिहिला. बोलायलाच नको.

"दादा, असलं काही करायचं नाही," मी म्हटलं. "आणि तुमची पूड तर दिवाळीतच संपली."

दादा ओट्यावर सांडलेलं पीठ बोटानं गोळा करत राहिले.

"ऐकताय ना? गुरुवारी स्कॅन आहे. तोवर पोटात असला पाला जाता कामा नये."

"मीठ-त्याल तरी बंद कर त्यांचं," एवढंच म्हणाले आणि अनुयाला उचलून बाहेर गेले. मला वाटलं, पटलं त्यांना. मूर्ख मी.

मंगळवारी सकाळी सहाला मी कामावर गेले. बुधवारी पण. बारा तासांची पाळी. मास्क, चष्मा, हातमोजे, आणि बाहेर पडलं की कानामागं दोरीचे वळ. बुधवारी संध्याकाळी साडेसहाला गाडी आवारात लावली, तर मकरंद शेडच्या भिंतीला टेकून ओकत होता. पोटात काही नव्हतंच, नुसतं पाणी येत होतं.

"कधीपासून?"

"दुपारपासून. कीर्ती, मला सगळं पिवळं दिसतंय."

"काय?"

"कोकरं. पिवळी दिसतात. आणि त्या दिव्याभोवती कडं दिसतंय, चंद्राला खळं पडतं ना, तसं."

दादा बादली घेऊन आले. त्यांचा चेहरा चक्क समाधानी होता. "डोळ्यावाटं निघाया लागलीय," ते म्हणाले. "उद्या येक सकाळ झाली की मोकळं."

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणतायत. मग कळलं, आणि कानशिलं तापली. मकरंदचं मनगट धरलं. घड्याळ बघत मोजलं. बेचाळीस. आणि तेही नीट नाही. दोन ठोके, मग विहिरीत दगड टाकून आवाजाची वाट बघावी तसं थांबायचं, मग एक. दिवसभर मेंढ्या उचलणाऱ्या माणसाचा ठोका बेचाळीस!

काविळीनं माणूस पिवळा दिसतो, माणसाला जग पिवळं दिसतं ही आपली बोलायची पद्धत. खरोखर पिवळं दिसायला लागलं, दिव्याला कडी दिसायला लागली आणि नाडी बसली, तर ते वेगळंच. आमच्या लॅबमध्ये हृदयाच्या ज्या गोळ्या तपासायला येतात त्यांच्या विषबाधेचा कागद जेवणाच्या खोलीच्या भिंतीवर लावलेला आहे. चार वर्षं त्याच्यासमोर उभी राहून मी डबा खाल्लाय.

"दादा, काय दिलंत त्याला?"

"औषद."

"कसलं पान?"

"नाव काढू नको!" दादा एकदम मागं सरकले. "दोन सकाळा झाल्यात, येक राह्यलीय. अर्ध्यावर नाव फुटलं तर औषद उलटतं. माझ्या बापानं बजावून सांगितलंय."

"ते उलटलंय आधीच! नाडी बघा त्याची!"

"नाडी बसतीच. अंगातली उष्णता उतरती ना."

"अरे, तू तरी सांग," मी मकरंदला म्हटलं. "तू कसा काय प्यालास? मी नको म्हटलं होतं ना?"

"दादांनी आमच्या थोरल्या भावाला बरं केलं होतं," तो भिंतीला धरून खाली बसत म्हणाला. "त्याच्यामुळं तर आपलं लग्न जमलं. मी कसं नाही म्हणू? वाटीत हिरवा रस होता, ताकातून. पान मला दाखवलं नाही." मग तो पुन्हा ओकला.

मी अँब्युलन्सला फोन लावला. पलीकडच्या बाईनं नाव, पत्ता, श्वास, सगळं विचारलं, आणि मग विचारलं, काय घेतलंय त्यानं? मी म्हटलं, पाल्याचा रस. कसला पाला? मी म्हटलं, शोधतेय. ती म्हणाली, शोधाच. कारण कावीळ झालेला माणूस ओकत आला तर आत सगळे लिव्हरकडे बघत बसतील. पाला हाताशी असेल तर सोबत द्या. गाडीला अर्धा तास लागेल.

स्वयंपाकघरात खलबत्ता लख्ख धुऊन कपाटात ठेवलेला. वाटी धुतलेली. कचऱ्याच्या पेटीत काही नाही. दादा चोथा नेहमी पुरतात. बाहेर येऊन बघते तर दादा मकरंदच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि राहून राहून त्याची नाडी चाचपत होते. कधी नव्हे ते मला माझ्या बापाचं भय दिसलं. हट्ट नव्हता तो. नाव घेतलं तर जावई मरेल अशी त्यांची खात्री होती, न सांगितलं तर मरेल अशी माझी. आणि त्या दोन खात्र्यांच्या मध्ये मकरंद ओल्या फरशीवर बसून थांबत थांबत श्वास घेत होता. मला रडूच आलं. दादांवर ओरडून काही उपयोग नव्हता. गावचे पोलीस पाटील हे औषध बंद करा म्हणून ओरडून थकले होते, तिथं मी कोण.

मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले.

"दादा, नाव नका सांगू. मी विचारते तेवढंच सांगा. तुमचं आपल्याकडचं जे पान आहे, त्याला वास येतो."

त्यांनी मान फिरवली.

"येतो. मला माहितीय. तुम्ही सकाळी पान आणून घरात यायचात, मला शाळेसाठी उठवायचात, तेव्हा तुमच्या हाताला यायचा. कापरासारखा, उग्र. आंघोळ करून शाळेत गेले तरी माझ्या खांद्याला यायचा. तुम्ही मला नाव नाही सांगितलंत, पण वास मला लहानपणापासून ठाऊक आहे."

दादांनी वर बघितलं.

"काल सकाळी तुम्ही मला चहा दिलात. आजही दिलात. तुमच्या हाताला कसलाच वास नव्हता."

"हितं कशाला वास असतोय?" दादा हळू म्हणाले. "कोथमिरीला न्हाई, मेथीला न्हाई. थंडीनं जातो वास. पान तर तसंच हाय. तशीच लव. तसंच कडू. खाऊन बघितलं मी."

वर्षभर हा माणूस दुकानातून आणलेली प्रत्येक जुडी नाकाला लावून "हॅ!" करून बाजूला ठेवायचा आणि आम्ही हसायचो. इथल्या कशालाच वास नाही हे त्यांनी पक्कं धरून ठेवलं होतं. म्हणून बांधावर आपल्यासारखं मऊ, लव असलेलं, कडू पान दिसल्यावर वास नाही याचं त्यांना काहीच वाटलं नाही. थोडं चाखलं, बाधलं नाही, पुरे झालं.

"दादा, थंडीनं एवढा वास जात नाही. ते आपलं पान नाहीच. दुसरंच झाड आहे. त्याचं नाव तुम्हालाही माहीत नाही, मग फुटणार काय? तुमच्या वडिलांनी त्या झाडाची शपथ घातलीय, ह्याची नाही. मला फक्त जागा दाखवा."

दादांनी उजव्या हाताची बोटं नाकाशी नेली. बराच वेळ हुंगत राहिले, मग पंजा हुंगला. त्यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. ते उठले आणि मागच्या बांधाकडे चालू लागले. मी अनुयाला मिकच्या हातात दिली आणि त्यांच्यामागं पळाले. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच पानाकडे जाताना त्यांच्यामागं कुणी चाललं होतं.

चरीच्या काठाला, काटेरी कुंपणाखाली झुबके होते. जमिनीलगत पसरलेली, राखट हिरवी, मऊ लवेची मोठी पानं. दादांनी बोट दाखवलं, खुडलं नाही. मी बुडखा उपटला, एक पान चुरगळलं, नाकाशी धरलं. साध्या गवताचा वास.

मिक अनुयाला घेऊन मागून आलाच होता. पान बघून त्यानं छातीवर क्रॉस काढला. "फॉक्सग्लव्ह," तो म्हणाला. "खाल्लं का त्यानं? अगं, ह्यानं बैल आडवा होतो."

उन्हाळ्यात ह्याला जांभळ्या फुलांचा तुरा येतो, तेव्हा इथलं शेंबडं पोरही ओळखतं. पण आम्ही आलो तेव्हा फुलं झडून गेली होती, आणि एप्रिलात नुसती पानं. ह्याच्याच भावकीतल्या पानांमधलं द्रव्य आमच्या गोळ्यांत असतं. थकलेल्या हृदयाला ते जोर देतं. पण गोळीत ते किती, तर मिठाच्या एका कणाइतकं. जरा माप चुकलं तर मी अख्खी खेप नापास करते. पानाला कोण नापास करणार? एका झुबक्यात एवढं, शेजारच्यात तिप्पट, आणि दादांनी मूठभर वाटलेलं.

अँब्युलन्स आली. मी पानं पिशवीत घालून तिच्यातून उतरलेल्या पोराच्या हातात दिली आणि स्पष्ट सांगितलं. त्यानं यंत्र लावलं, ठोक्यांची पट्टी बघितली आणि चटाचटा हालचाली करायला लागला. मकरंद स्ट्रेचरवरून दादांकडे बघून म्हणाला, "दादा, तुमचा काही..." आणि पुढं त्याला उलटी आली. दार लागलं.

हॉस्पिटलात कुणालाच आत घेत नव्हते. आम्ही तिघं, मी, दादा आणि मागच्या सीटवर अनुया, गाडीतच थांबलो. ती रात्र मी सांगत बसत नाही. सकाळी सातला फोन वाजला. पोटॅशियम फार चढलं होतं, ठोका मध्ये छत्तीसवर गेला होता, उतारा डब्लिनहून मागवला, दिला. आता छप्पन्न आहे. डॉक्टर तरुण होता, आवाजावरून दमलेला. म्हणाला, पानं दिलीत म्हणून वेळ वाचला.

मी दादांना सांगितलं. ते डोळे मिटून बसले होते.

"उतारा कशाचा असतो?" त्यांनी विचारलं.

"मेंढीच्या रक्तातला. मेंढीला हेच विष थोडं थोडं टोचतात, तिच्या रक्तात त्याला धरून ठेवणारं काहीतरी तयार होतं. ते काढून, साफ करून बाटलीत भरतात."

"आन् ते डाक्टरला ठावं असतं? काय हाय, कसं करायचं?"

"सगळ्यांना ठाऊक असतं, दादा. बाटलीवर लिहिलेलं असतं. किती द्यायचं ते पण."

"लिव्हलेलं असून गुन येतो?"

"येतो."

ते काच खाली करून बाहेर थुंकले आणि मग एकदम हुंदका देऊन रडले. अनुया जागी होऊन त्यांच्याकडे बघत राहिली. मी बापाला कसं जवळ घेतात ते शिकलेच नव्हते. त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसले.

मकरंद दहाव्या दिवशी घरी आला. काविळीचं मूळ पित्ताच्या नळीत अडकलेला खडा निघालं. तोंडावाटे दुर्बीण घालून काढला. तेवढे दिवस दादांनी मिकबरोबर त्याचं काम ओढलं. पहाटे शेडमध्ये, नाळांना आयोडीन लाव, अशक्त कोकरांना बाटलीनं दूध पाज. माझ्याशी कामापुरतं बोलायचे. एकदा भांडी घासताना म्हणाले, "चाळीस वर्सांत पाच जन गेलं माझ्या हातनं. मी म्हनायचो, पथ्य मोडलं असंल." बाकीचे बहुतेक आपोआप बरे झाले असतील, साधी कावीळ महिन्याभरात उतरतेच, हे माझ्या ओठावर होतं. ते त्यांना कळलंच असणार. त्यांनी पुढं विचारलं नाही.

मकरंद आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गावाहून फोन आला. शेजारची सुरेखा. दादांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर, टेबलावर. मकरंद खुर्चीत पांघरूण घेऊन बसलेला, मी त्याला पेज देत होते.

"दादा, पोराला कावीळ झालीया. बारा दिस झालं. आज नुसता झोपतोय, काय बी बडबडतोय. इनयभाऊला फोन केला, ते म्हनले, दादांनी हुकूम दिला तर मी येऊन देतो पान."

मी पेजेची वाटी खाली ठेवली. झोप, बडबड, चांगलं लक्षण नव्हतं. मी बोलायला तोंड उघडलं, दादांनी हात वर केला.

"त्याला संगमनेरला ने. आत्ता."

"कशी नेऊ? तिथं समदं कोरोनाचं भरलंय. बेड न्हाई. गेलेली मानसं प्लास्टिकात गुंडाळून देतायत, दादा! तुमी औषद द्या. तुमच्या हातचा गुन हाय. माझ्या दिराला तुमीच वाचवला."

"सुरेखा, गाडी कर."

"मी तुमच्या पाया पडते. येवढी येक सकाळ द्या. मग नेते."

दादांनी मकरंदकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग फोनच्या अगदी जवळ वाकले.

"भांबुर्डी," ते म्हणाले.

मकरंद खुर्चीत ताठ बसला.

"ऐकलंस का? वढ्याकाठची भांबुर्डी. तिचंच पान. आनखी येकदा सांगतो, भांबुर्डी. आता तुला ठावं झालं, ह्या पोरीला झालं, जावयाला झालं. गावात दवंडी दे. आता त्यात काय राह्यलं न्हाई, नुसतं तन हाय ते. इनय आला तरी उपेग न्हाई."

सुरेखा किंचाळली. "दादा! हे काय केलंत? माझ्या पोराच्या वेळंलाच का?"

"तुझं पोरगं जगाया पायजे म्हनून," दादा म्हणाले. "दुसरी वाट ठिवली तर तू त्याला न्यायची न्हाईस. मला ठावं हाय. मीबी न्हेलं नसतं."

बराच वेळ नुसतं रडणं ऐकू आलं. मागं कुणीतरी काहीतरी विचारत होतं. मग सुरेखा नाक ओढत म्हणाली, "गाडी कुठनं आनू आता?"

मी माझा फोन घेतला आणि विनयला लावला. त्याला म्हटलं, काही विचारू नकोस, गावात कुणाची जीप मिळते ते बघ आणि सुरेखाच्या दारात पाठव. तो हो म्हणाला. दादा टेबलाला दोन्ही हात लावून उभे होते, आणि सुरेखाला सांगत होते की पोराला एका कुशीवर झोपव, काही पाजू नको, आणि तिथं डॉक्टरनं विचारलं तर काय काय दिलंय ते सगळं नाव घेऊन सांग.